कोंबडी कोणत्या फंडात टाकू

कॉम्प्युटरवरची ती लाल ओळ मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा माझी लेक टेबलाखाली गोधडीवर पडून माझ्या चपलेचा पट्टा चघळत होती. ओळ इंग्रजीत होती. मी एकेक अक्षर लावून वाचली, तर म्हणे आधी फंड निवडा. म्हणलं, अगं बाई, दानपेटीत शंभर रुपये आलेत, शंभर टाकते, घे ना गुमान. नाय घेत. परत टाकले, परत लाल. खाली पोरगी रडायला लागली, वर मशीन लाल, आणि मला वाटलं आत्ताच कोणीतरी दारातून येणार आणि म्हणणार, तुला येत नाय तर खोली रिकामी कर.

खोलीचं आधी सांगते, कारण माझी सगळी भीती त्या खोलीची. आमच्या चर्चच्या आवारात मागच्या अंगाला एक पत्र्याची खोली हाय. जो चर्चचं काम करील त्याला ती राहायला, वर थोडंफार मानधन. आमचे हे अंबडला एका कंपनीत ठेकेदाराकडे, काम असलं तर बोलावतात, नसलं तर नाय. सातपूरला भाड्याच्या घरात होतो तेव्हा निम्मा पगार घरमालकाच्या हातात जायचा. मग मंडळीने, म्हणजे आमच्या चर्चच्या लोकांनी, हिशोबाचं सॉफ्टवेअर घेतलं आणि उपासना चालवणाऱ्या पाळकसाहेबांनी ती संपल्यावर विचारलं, कॉम्प्युटर कोणाला येतं? सगळ्या शिकलेल्या पोरी खाली आपल्या चपलांकडे बघायला लागल्या. आणि आमच्या ह्यांनी हात वर केला. स्वतःचा नाय. माझा. मनगट धरून.

मी सुरगाण्याकडची. दहावी नापास, दोनदा. लग्नाआधी तालुक्याला तीन महिन्यांचा कॉम्प्युटरचा कोर्स केला होता, त्यात फुलांची चित्रं काढायची आणि आपलं नाव मोठ्या अक्षरात लिहायचं, एवढंच. ते मी सगळ्यांना सांगितलं. कोणी ऐकलं नाय. आमचे सेक्रेटरी देवळाली कॅम्पातले रिटायर सुभेदार, ते निम्मं हिंदीत बोलतात, त्यांनी चावी माझ्या हातात दिली आणि म्हणले, "काम ठीक, तो खोली ठीक. समझी ना, सूनबाई?"

समजली.

मला आधी वाटायचं हिशोब म्हणजे आले किती, गेले किती. चर्चचं तसं नसतं. देणारा सांगून देतो, हे छताला, हे विधवांच्या मदतीला, हे संडे स्कूलच्या पोरांना. आणि ज्याला दिले त्यालाच लागले पाहिजेत. म्हणून बँकेचं खातं एकच असलं तरी आत वेगवेगळे फंड, जसं फडताळ एकच पण गव्हाचा डबा वेगळा, तांदळाचा वेगळा. हे मला पटलं. पण मशीनला ते जरा जास्तच पटलेलं होतं. ते बाहेरदेशातल्या चर्चसाठी बनवलेलं. त्यात गिटार वाजवणाऱ्याच्या मानधनाला जागा होती, पार्किंगला जागा होती, दानात आलेल्या नारळाला नव्हती. मंडळीतल्या एकांचा मुलगा पुण्यात कॉम्प्युटरमध्ये हाय, त्यानेच हे शोधून दिलं होतं, तो मला मोबाईलवर शिकवायचा. "ताई, सोपं हाय," म्हणायचा. ज्याला येतं त्याला सोपंच असतं. माझी पोरगी तेवढ्यात वायर ओढायची, स्क्रीन काळी व्हायची, आणि मी त्याला "हो हो, समजलं" म्हणायचे.

तरी दर रविवारचं दान टाकायला शिकले. मग आला सुगीचा सण.

आमच्यात पीक घरात आलं की ज्याच्याकडे जे पिकलं ते घेऊन चर्चला यायचं. लाल कांद्याच्या गोण्या, नवा भात, नागली, भोपळे, अंडी, जिवंत कोंबड्या. ज्याची शेती नाय तो कॅम्पातल्या बेकरीतून केक आणतो. वेदीसमोर सगळं मांडतात, प्रार्थना होते, आणि मग बाहेर मांडवात त्याचा लिलाव. भावाचा बाजाराशी काय संबंध नाय. भोपळा हजाराला जातो, कारण पैसे देवाला चाललेत. आणि घेणाऱ्याला लय उत्साह आला तर तो वस्तू घरी नेत नाय, मोठ्याने म्हणतो, "देवाला परत!" की तीच वस्तू पुन्हा लिलावाला उभी.

पुकारायला लासलगावचे मामा. कोणाचे मामा ते माहीत नाय, सगळ्यांचेच. आयुष्य कांद्याच्या मार्केटात गेलं, ट्रॅक्टरपुढे पुकारतात तसंच चर्चमध्ये पुकारतात. त्या वर्षी मला मांडवात टेबल टाकून दिलं, त्यावर लॅपटॉप, मांडीवर पोरगी, आणि मागे सेक्रेटरी उभे. "आज की एंट्री आज. शाम को पाळकसाहेब आकडा सांगणार."

मामांनी एक तांबडी कोंबडी पायाला धरून वर केली. "बोला! गावठी हाय, अंड्यावरची हाय, बोला!"

"पाचशे!"

"पाचशेत पिसं येतील, पाव्हणं. पुढं बोला."

सेक्रेटरी माझ्या कानाशी ओरडले, "हजार! छत के लिए!" माझी पोरगी दचकून रडायला लागली. मामा म्हणले, एक वार, दोन वार, तीन वार. आणि सेक्रेटरींनी छाती काढून सांगितलं, "देवाला परत!"

टाळ्या. मी टाकते हाय, कोंबडी, हजार, छत फंड. टाकून होत नाय तोवर पाळकीणबाईंनी, म्हणजे पाळकसाहेबांच्या मिसेसनी, तीच कोंबडी नऊशेला घेतली, विधवा फंडाला. परत देवाला. मग पिंपळगावच्या एका द्राक्षवाल्याने दीड हजाराला, संडे स्कूलला. परत देवाला. मी रडकुंडीला आले. "मामा, थांबा ना जरा, मशीन फिरतंय."

"भाचीबाई, लिलाव थांबला की भाव पडतो," मामा म्हणले. "मशीनला म्हण पळ."

चौथ्यांदा कोंबडी वर गेली तेव्हा कोणीतरी मागून सातशे बोललं. आवाज ओळखीचा. मान वर करून बघते तर आमचे हे. खिशात बसच्या तिकिटाचे पैसे, आणि सातशे. मी डोळे मोठे केले, हे दुसरीकडे बघायला लागले. एक वार, दोन वार, तीन वार. आणि आमच्या ह्यांनी देवाला परत पण नाय केली. काखेत मारली आणि खोलीकडे चालू लागले.

"अहो, पैसे?"

"देऊ गं नंतर. पोरीला अंडं होईल रोज."

संध्याकाळी पाळकसाहेबांनी आकडा वाचला. एवढा आकडा कधीच नव्हता झाला म्हणे. सगळ्यांनी आभारगीत म्हणलं, मी पण म्हणलं, वाटलं जमलं आपल्याला.

आता पुढचं कोणी मला आधी सांगायला पाहिजे होतं. मी आमच्या ह्यांच्या सातशेला हसत होते, चिडत होते, पण मला एवढं सुचलं नाय की त्या मांडवात निम्म्याहून जास्त लोकांनी आमच्या ह्यांच्यासारखंच केलं होतं. लिलावात बोलायचं, पैसे मागाहून. कोणी नाताळात देतो, कोणी द्राक्षं गेली की देतो. पूर्वीच्या खजिनदारांना हे सगळं तोंडपाठ असायचं, ते चहाच्या वेळी एकेकाला बाजूला घेऊन हळूच आठवण करायचे. ते पोरीकडे राहायला गेले लांब, आणि त्यांच्या जागी आलं मशीन. आणि मी मशीनमध्ये सगळं टाकून ठेवलं होतं, पैसे मिळाले म्हणून.

ईस्टर झाला. पावसाच्या आत चर्चचं छत करायचं ठरलं. सेक्रेटरींनी स्क्रीनवर छत फंड बघितला, खूष झाले, पत्रेवाल्याला चेक दिला. चेक परत आला. पत्रेवाला आवारात येऊन मोठमोठ्याने बोलायला लागला, "देवाच्या दारात पण असं करता का, साहेब?" सेक्रेटरींचा चेहरा तांबडा. ते ऑफिसात आले, पासबुक टेबलावर टाकलं.

"स्क्रीन पे है. बँक में नहीं है. बीच में कौन बैठा है?"

मध्ये मी बसले होते. मी म्हणलं, "साहेब, मी एक रुपया..." आणि पासबुक उचलून स्क्रीनशी लावून बघायला लागले.

खात्यात जे काय होतं ते विधवांचं आणि संडे स्कूलचं होतं. सेक्रेटरी म्हणले, "सध्या विधवा फंडातून छताला टाक. बाद में देखेंगे." मी टाकून बघितलं, कारण नाय म्हणायची माझी छाती नाय. मशीनने लाल ओळ दाखवली. हा फंड दुसऱ्या कामाला वापरता येत नाय. सेक्रेटरींनी मला बाजूला सारलं आणि स्वतःच्या बोटाने बटण दाबलं. लाल. जोरात दाबलं. लाल. "ये मशीन ऑर्डर नहीं मानता!" म्हणले. खरं सांगते, त्या लाल ओळीचा मला तेवढ्या एकाच वेळी आधार वाटला. जाताना ते म्हणले, रविवारी वार्षिक सभा, तोवर आकडा जुळला नाय तर सभेत सांगावं लागेल, आणि खोलीचं पण बघावं लागेल.

घरी आले तर हे अंडं सोलत होते. मी सांगितलं. म्हणले, "तू कशाला घाबरते, तू खाल्ले का पैसे?" म्हणलं, मी खाल्ले नाय पण तुम्ही अंडं खाताय! ते खायचे थांबले, मग अर्धं पोरीला भरवलं. मला एवढा राग आला की भांडी घासताना ताटलीला पोचा पडला. सगळा वेळ डोक्यात एकच, ही खोली गेली तर उन्हातान्हात पोरीला घेऊन कुठं जाणार, आणि गावाकडे सासरची माणसं म्हणणार, चर्चचे पैसे खाल्ले हिने.

दुसऱ्या दिवशी पुण्याच्या पोराला फोन लावला. तो मीटिंगमध्ये होता, तरी मी रडतेय म्हणल्यावर बाहेर आला. म्हणला, एकेक ओळ वाचा. मी वाचली. भोपळा, हजार. कांदा, दोन हजार.

"ताई, हे हातात आले होते का?"

"लिलावात बोलले ना सगळ्यांसमोर."

"बोलले वेगळं, दिले वेगळं. जे कबूल केलं आणि अजून दिलं नाय, त्याचा वेगळा कप्पा हाय की तिथं. सोपं हाय, ताई."

म्हणजे कप्पा होता! सहा महिने मी त्या मशीनसमोर बसले, त्याने मला गिटारचं शिकवलं, पार्किंगचं शिकवलं, आणि हा कप्पा नाय दाखवला. मी त्याला तोंडावर काय बोलले नाय. फोन ठेवल्यावर बोलले.

शुक्रवार दिवसभर एकेक ओळ इकडून उचलून तिकडे टाकली. पोरीला ओढणीने खुर्चीला बांधलं, बिस्किट दिलं, ते संपलं, दुसरं दिलं. ज्यांचं जमा झालं होतं त्यांचं तसंच ठेवलं, बाकीचं कबुलीच्या कप्प्यात. छत फंड उतरत उतरत खाली आला, आणि शेवटी पासबुकात आणि स्क्रीनवर एकच आकडा. मी दोनदा बघितला. मग टेबलावर डोकं ठेवून रडले. मशीनने एक मोठी चौकट दाखवली, इंग्रजीत लय काय काय लिहिलेलं, खाली दोन बटणं, एक राखाडी, एक निळं. निळं म्हणजे सेव्ह, एवढं मला पाठ होतं. मी निळं दाबलं.

शनिवारी सकाळी हे ब्रश करत करत मोबाईल घेऊन आले. "अगं, मला चर्चमधून मेसेज आलाय इंग्रजीत. माझं नाव, सातशे, आणि तू लिहिलेलं, कोंबडी चार."

मी मोबाईल घेतला. प्रिय मित्रा, आपण कबूल केलेल्या दानाची मुदत उलटून गेली आहे, असलं काहीतरी. म्हणजे कालचं निळं बटण सेव्हचं नव्हतं, हे मेसेज पाठवायचं होतं. म्हणलं, कोंबडी चारला आला म्हणजे कोंबडी एक, दोन, तीनला पण गेला असणार. आणि भोपळ्याला. आणि कांद्याला. आणि केकला.

बाहेर स्कूटर थांबली. मग दुसरी. मग एक जीप.

"कुठाय ती कॉम्प्युटरवाली?" एक बाई म्हणल्या. "माझ्या जावयाच्या समोर वाचला मेसेज! थकबाकीदार म्हणे मी! दोन डझन अंड्यांसाठी!"

"लिलाव म्हणजे घरातली गोष्ट हाय," पिंपळगावचे द्राक्षवाले म्हणले. "बँकवाले पण एवढ्या तोऱ्यात मागत नायत. आणि मी कोंबडी परत दिली होती ना देवाला? मग कोंबडी कुठाय?"

कोंबडी तेव्हाच पायरीखालून निघाली आणि त्यांच्या बुटाशी दाणे टिपायला लागली. मी बघायचं नाय असं ठरवलं. मी दारात पोरीला छातीशी धरून उभी, आणि तोंडातून एकच वाक्य निघत होतं, "मला माहीत नाय हो, मशीनने मागितलं." ते रागाने नोटा काढत होते, मी पावत्या फाडत होते. एक जण पैसे देऊन म्हणला, "घे, आणि त्याला सांग परत माझ्या मोबाईलवर बोलायचं नाय."

सेक्रेटरी पण आले. त्यांचा मेसेज त्यांच्या सुनेने वाचला होता म्हणे. दोन पाचशेच्या नोटा टेबलावर ठेवल्या आणि म्हणले, "रसीद." मी पावती लिहिली, घाईत हजाराला एक शून्य जास्त पडलं. ते म्हणले, "दस हजार की बोली नहीं लगाई थी मैंने." मी फाडून दुसरी लिहिली.

सगळे गेल्यावर पाळकीणबाई आल्या, पदराखाली पाकीट. हळू आवाजात म्हणल्या, "मी विसरले नव्हते गं. साहेबांचा दोन महिन्यांचा पगार झालेला नाय, म्हणून राहिलं." मला माहीत होतं. पगार ज्या साध्या फंडातून होतो तो रिकामा होता, मीच रोज बघायचे. सगळे छताला देतात, पोरांना देतात, पाळकाच्या डाळीतांदळाला म्हणून लिलावात कोणी ओरडत नाय. मी म्हणलं, "बाई, राहू द्या." त्या म्हणल्या, "आणि परत मेसेज आला तर?" आणि पाकीट ठेवून गेल्या. त्या दिवसातलं तेवढंच एक मला जास्त लागलं.

रविवारी सभा. पाळकसाहेबांनी हिशोब वाचला, फंडाप्रमाणे, बँकेत आहे तेवढाच. कोणी टाळी वाजवली नाय. मग सेक्रेटरी उठले. म्हणले, पैशात घोटाळा नाय हे मान्य, पण मंडळीची इज्जत मोबाईलवर निघाली, तर हे काम दुसऱ्या कोणाला द्यावं असं माझं मत. खूप जणांनी माना हलवल्या. मी मागच्या बाकावर, पोरगी मांडीवर, मनात खोलीतलं सामान मोजत होते, गॅस, दोन गाद्या, पाळणा, सगळं रिक्षात बसेल का.

पाळकसाहेब म्हणले, "ठीक हाय. कोण करील?"

सगळ्या शिकलेल्या पोरी परत आपल्या चपलांकडे. माझ्या पोरीने मोठ्याने "बा" म्हणलं. मी आमच्या ह्यांचा हात घट्ट धरून ठेवला, उगाच वर जायला नको.

"बोला," मामा बसल्या बसल्या म्हणले. "कोणी पुढं बोलतंय का? एक वार. दोन वार." लोक हसायला लागले, सेक्रेटरी नाय हसले. "तीन वार. सुटलं. राहू द्या हो हिलाच. फक्त त्या मेसेजचं तोंड बांधा."

मग अर्धा तास चर्चा. ठरलं असं की एक वर्ष काम आणि खोली माझ्याकडे, पुढच्या सभेला परत बघू. मेसेज बंद नाय करायचे, कारण छताचे पैसे त्यानेच आले, हे पत्रेवाल्याला चेक देणाऱ्या सेक्रेटरींनाच कबूल करावं लागलं. पण मराठीत पाठवायचे, गोड शब्दांत, आणि ते गोड शब्द मी लिहायचे. मी! दहावीला एका मराठीत तेवढी सुटले, ती पण काठावर. आणि ज्यांचं अजून बाकी त्यांचं वळतं करून घ्यायचं. बाकी राहिलेल्यात एकच जण चर्चच्या पगारावरचा, म्हणजे आमचे हे, म्हणजे मी. माझ्या मानधनातून सातशे कापले.

खोली राहिली. एक वर्ष. मला सुटल्यासारखं वाटायला पाहिजे होतं, वाटलं पण, पण सभेआधी खोक्यात भरलेली भांडी मी परत मांडली नाय, खोके पलंगाखालीच ठेवलेत.

सोमवारी स्वतःच्याच पगाराची कपात टाकायला बसले. नाव, रक्कम, कोंबडी चार. लिलावात घाईत कुठला तरी फंड दाबला होता, आता नुसतं एंटर मारलं. लाल ओळ. आधी फंड निवडा. मी मागे वळून बघितलं. हे दारात बसून पोरीला कोंबडी दाखवत होते.

"अहो, तुम्ही सातशे बोललात ते कशासाठी बोललात?"

"अंड्यासाठी."

"तसा फंड नाय!"

"मग टाक कशात पण. लोक बोलतात तेच टाक."

खरंतर मी साध्या फंडात टाकायला पाहिजे होते, पाळकीणबाई आठवल्या. पण छत फंडाच्या कामांच्या यादीत सगळ्यात शेवटी आमच्या खोलीचा पत्रा हाय, पलंगावरच गळतो तो. मी छतात टाकले. मग शंभर परत काढून साध्यात टाकायला गेले, तर मशीन म्हणालं, नाय. परत लाल.